वेशभूषा : व्यक्तिस्वातंत्र्य आणि सामाजिक अपेक्षा
(आंबोली व दक्षिण कोकण परिसराच्या संदर्भात)

सारांश

व्यक्तीने कोणता वेश करावा हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आवडीनिवडीचा वाटतो. परंतु समाजाने त्याकडे कधीही केवळ खाजगी बाब म्हणून पाहिलेले नाही. जात, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती आणि व्यवसाय यांच्या खुणा वेशातून प्रकट होतात आणि म्हणूनच वेशावर नियंत्रण ठेवण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. प्रस्तुत लेखात दक्षिण कोकण, गोवा व महाराष्ट्र यांतील काही उदाहरणांच्या आधारे या संघर्षाचे स्वरूप स्पष्ट केले असून महाविद्यालयीन व्यवस्थेने वेशविषयक नियम करताना कोणत्या कसोट्या लावाव्यात याची चर्चा केली आहे.

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसले आहे. वर्षाकाठी सरासरी सुमारे ७५०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो. वेंगुर्ला बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरील हा महत्त्वाचा टप्पा. खाली कोकण, वर आजरा-चंदगडचा घाटमाथा, एका बाजूस गोवा आणि दुसऱ्या बाजूस कर्नाटक अशी या गावाची स्थिती आहे. साहजिकच येथील रस्त्यावर नऊवारी लुगडे, इरकली साडी, घोंगडी, गोव्याकडील झगा आणि शहरी पर्यटकांची अर्धी विजार हे सारे पेहराव एकाच दिवसात दृष्टीस पडू शकतात.

पावसाळ्यात हा विरोधाभास अधिक ठळक होतो. मुख्य धबधब्याखाली तोकड्या कपड्यांत चिंब भिजणारे पर्यटक आणि त्याच रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसे व चहा विकणाऱ्या, डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या स्थानिक स्त्रिया यांच्यामधील अंतर काही पावलांचेच असते. पर्यटकांच्या कपड्यांकडे गाव बहुधा दुर्लक्ष करते. मात्र त्याच गावातील महाविद्यालयीन मुलीने तसा वेश केला तर तिच्या घरापर्यंत चर्चा पोहोचते. ‘देश तसा वेश’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण एकाच देशात, एकाच रस्त्यावर, दोन व्यक्तींना दोन वेगळे नियम का लागू होतात, याचे उत्तर ती म्हण देत नाही. त्या उत्तराचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

वेशाची त्रिविध कार्ये

वेशाची मुख्यतः तीन कार्ये सांगता येतील. पहिले कार्य शरीररक्षणाचे. आंबोली परिसरात भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे इरले, म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले छत्र, किंवा डोक्यावरून खोळ करून घेतलेली घोंगडी ही याची उत्तम उदाहरणे आहेत. इरल्याची जागा आता प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. त्या बदलाने कोणाचीही संस्कृती धोक्यात आली नाही. जेथे वेश निव्वळ गरजेशी निगडित असतो तेथे समाज बदल विनातक्रार स्वीकारतो.

दुसरे कार्य ओळखीचे. वेशावरून माणसाची जात, धर्म, प्रांत, व्यवसाय ओळखता येई. पगडी, पागोटे, फेटा, टोपी यांचे प्रकार आणि लुगडे नेसण्याच्या पद्धती ही एक प्रकारची सामाजिक लिपीच होती. तिसरे कार्य मर्यादेचे, म्हणजे लज्जा व औचित्य यांच्या कल्पना व्यक्त करण्याचे. ही मर्यादा स्थिर नसून प्रसंगसापेक्ष असते. चिखलात लावणी करणारी स्त्री लुगडे गुडघ्यापर्यंत खोचते, तेव्हा त्यात कोणालाही अनुचित काही दिसत नाही. तेवढेच पाय बाजारात उघडे दिसले तर मात्र ते अनुचित ठरते. म्हणजे आक्षेप शरीर दिसण्याला नसतो. ते कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या मर्जीने दिसते, याला असतो. श्रमासाठी उघडे झालेले शरीर समाजाला चालते, स्वतःच्या आवडीसाठी उघडे झालेले चालत नाही. वेशविषयक वादाचे मूळ येथे आहे.

वेश आणि सत्ता

ओळखीचे कार्य जेव्हा सक्तीचे होते तेव्हा वेश हे सत्तेचे साधन बनते. याची तीन उदाहरणे या भूप्रदेशाच्या इतिहासात आढळतात.

पहिले उदाहरण गोव्याचे. १७३६ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घालण्यात आली. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी कलमे त्यात होती. धर्म बदलला तरी वेश बदलल्याशिवाय जुनी ओळख पुसली जात नाही, हे धर्मसत्तेने नेमके ओळखले होते.

दुसरे उदाहरण पेशवाईच्या काळातील. कोकणपट्टीतील सोनार समाजाने धोतराचा एक सोगा खोचून ते नेसण्यास आणि अभिवादनासाठी ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास सुरुवात केली. या दोन्ही गोष्टी ब्राह्मणांच्या विशेषाधिकारातील मानल्या जात. पेशव्यांच्या सत्तेचा आधार घेऊन हा प्रयत्न दडपण्यात आला. इतकेच नव्हे, तर १७७९ मध्ये मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांकडूनही तेथील सोनारांविरुद्ध मनाई हुकूम मिळवण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध भाषणग्रंथात या घटनेचा उल्लेख केला आहे. येथे धोतर अंगावर असावे की नसावे हा प्रश्नच नव्हता. ते कोणी कसे खोचावे, हा प्रश्न होता. कापडाच्या एका टोकावर जातिव्यवस्थेची प्रतिष्ठा अवलंबून ठेवली गेली होती.

तिसरे उदाहरण कोकणातीलच महाडचे असून ते उलट दिशेचे आहे. डिसेंबर १९२७ मधील महाड सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. लुगडे आखूड नेसण्याची पद्धत आणि गळ्यात-हातांत घातले जाणारे जड, ओबडधोबड दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्याव्यात आणि इतर समाजांतील स्त्रियांप्रमाणे पूर्ण लुगडे नेसावे, असे आवाहन त्यांनी केले. त्या परिषदेला आलेल्या स्त्रियांनी लगेचच आपली नेसण्याची पद्धत बदलली.

ही घटना वेशस्वातंत्र्याच्या चर्चेत विशेष महत्त्वाची आहे. आज वेशस्वातंत्र्य म्हटले की कमी कपडे घालण्याचे स्वातंत्र्य असा अर्थ अनेकदा गृहीत धरला जातो. महाडच्या स्त्रियांनी मात्र अधिक अंग झाकणारे वस्त्र नेसून स्वातंत्र्य मिळवले. तेव्हा वस्त्राची लांबी हे स्वातंत्र्याचे माप नव्हे. वेश कोणाच्या निर्णयाने ठरतो आणि तो बदलण्याची मुभा आहे की नाही, हेच खरे माप होय.

‘परंपरे’चे वय

वेशाविषयीच्या सामाजिक अपेक्षा नेहमी परंपरेच्या नावाने मांडल्या जातात. परंतु ज्याला आज पारंपरिक म्हटले जाते, त्याचे वय तपासले असता ते फारसे मोठे नसल्याचे दिसून येते.

‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनी स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत, असा आग्रह धरणारा निबंध लिहिला. चोळीऐवजी अंगभर शिवलेले वस्त्र वापरावे, ही त्यांची सूचना त्या काळी परक्यांचे अनुकरण ठरण्याजोगीच होती. पुढे अंगभर शिवलेला पोलका व ब्लाऊज सर्वत्र रूढ झाला. नऊवारीची जागा विसाव्या शतकात सहावारी गोल साडीने घेतली. आज ‘अस्सल भारतीय वेश’ म्हणून जी सहावारी साडी व ब्लाऊज यांचा पुरस्कार केला जातो, ती आपल्याकडे मागील पिढ्यांच्या सुधारणेचीच निष्पत्ती आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरणही बोलके आहे. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे स्पष्ट केले होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय पुरेसे झाकले जात नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. परदेशी पोशाख न स्वीकारता आणि आपली गरजही न नाकारता त्यांनी काढलेला हा मार्ग होता. परंपरा व सोय यांच्यात तडजोड करता येते. मात्र ती तडजोड जिला थंडी वाजते तिने करावयाची असते, हे यातून दिसते.

सलवार-कमीज या वेशाचा प्रवास तर अनेकांच्या स्मरणातील आहे. ‘पंजाबी ड्रेस’ या नावानेच महाराष्ट्रात आलेला हा पोशाख प्रारंभी केवळ अविवाहित मुलींचा मानला जाई. विवाहित स्त्रीने, त्यातही शिक्षिकेने, तो घालावा काय, यावर शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षांतून वाद झाले. एप्रिल २०१६ मध्ये कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात गाभारा-प्रवेशाच्या वेळी साडीचा आग्रह धरला गेला आणि सलवार-कमीजमधील स्त्री कार्यकर्तीला विरोध झाला. परंतु अवघ्या आठ वर्षांनी, १५ मार्च २०२४ रोजी, महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी काढलेल्या निर्णयात महिला शिक्षकांसाठी साडीच्या बरोबरीने सलवार अथवा चुडीदार, कुर्ता व दुपट्टा यांचा शोभनीय वेश म्हणून समावेश केला आणि जीन्स व टी-शर्ट यांना मनाई केली. आक्षेपाचा विषय बदलला. आक्षेपाची भाषा मात्र तीच राहिली.

या इतिहासात आणखी एक विषमता लक्षात येते. धोतर-पगडीकडून विजार-शर्टाकडे पुरुष ज्या सहजतेने वळले, ती सहजता स्त्रियांच्या वाट्याला आली नाही. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात ताराबाई शिंदे यांनी स्त्री व पुरुष यांना वेगवेगळे नियम लावणाऱ्या समाजाला जाब विचारला होता. घराण्याची अब्रू आणि समाजाची संस्कृती यांचे ओझे स्त्रीच्या पदरावर ठेवण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.

रंगमंच आणि रस्ता

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा सांस्कृतिक मानबिंदू असलेल्या दशावतारात स्त्रीभूमिका पुरुष कलावंत करतात. देवळाच्या जत्रेत, संपूर्ण गावासमोर, पुरुष साडी नेसून, दागिने घालून रंगमंचावर येतो आणि गाव त्याला मनापासून दाद देते. बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) बाबतीत तर त्यांची साडी नेसण्याची व दागिने घालण्याची पद्धत मध्यमवर्गीय स्त्रियांनी उचलली. पुरुष नटाने स्त्रियांच्या वेशाचा आदर्श घालून द्यावा, याचे समाजाला कौतुकच वाटले.

परंतु पहाट झाली, दशावतार संपला, आणि तीच साडी एखाद्या व्यक्तीने आपल्या अंतरीच्या ओळखीशी इमान राखण्यासाठी रस्त्यावर नेसली, तर तेच गाव तिची चेष्टा करू शकते. ‘सोंग’ म्हणून मान्य असलेला वेश ‘स्वत्व’ म्हणून मान्य होत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या ‘नालसा’ खटल्यात दिलेला निर्णय या संदर्भात मूलगामी आहे. स्वतःची लिंगओळख वेश, वाणी व वर्तन यांतून प्रकट करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

कायद्याची चौकट

राज्यघटनेत वेशस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. हा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद १९), जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य (अनुच्छेद २१) आणि धर्मस्वातंत्र्य (अनुच्छेद २५) यांतून सिद्ध होतो. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. काय खावे, काय ल्यावे, कोणाशी संबंध ठेवावेत हे राज्यसत्तेने सांगणे कोणालाही रुचणार नाही, अशा आशयाचे मत त्यातील न्या. चेलमेश्वर यांनी नोंदवले आहे.

तथापि, शिक्षणसंस्थेच्या आवारात हा हक्क कितपत लागू होतो, याबाबत न्यायालयांत मतभेद दिसतात. कर्नाटक शासनाने ५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेला गणवेशविषयक आदेश तेथील उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी वैध ठरवला आणि वर्गात हिजाब वापरण्याची मागणी नाकारली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशातील समानतेवर भर दिला, तर न्या. सुधांशु धुलिया यांनी तो मुलींच्या निवडीचा प्रश्न मानून त्यांच्या शिक्षणातील अडथळ्यांकडे लक्ष वेधले. मुंबईत चेंबूर येथील एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले आदींवर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी कायम ठेवली. परंतु ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सूचनेस अंशतः स्थगिती दिली. मुलींना काय घालायचे याची निवड असावी, असा विचार त्या सुनावणीत मांडला गेला आणि टिळा वा टिकली यांवरही बंदी घालणार काय, असा प्रश्न संस्थेला विचारला गेला.

जागतिक अनुभवही हेच सांगतो. इराणमध्ये १९३६ साली रझा शाह यांच्या राजवटीने स्त्रियांची चादर सक्तीने उतरवली. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने डोके झाकणे सक्तीचे केले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा याच नियमाखालील अटकेत मृत्यू झाला. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने शासकीय शाळांतून ठळक धार्मिक चिन्हांना मनाई केली. एके ठिकाणी वस्त्र चढवण्याची सक्ती, दुसरीकडे उतरवण्याची. दोन्हीकडे निर्णय वस्त्र नेसणारीच्या हाती नाही.

पाहुणा आणि रहिवासी

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. आंबोलीच्या रस्त्यावर दोन व्यक्तींना दोन नियम का? याचे कारण असे की सामाजिक अपेक्षेचा अंमल नात्यांमधून होतो, नजरेतून नव्हे. पर्यटकाकडे गाव पाहते, परंतु त्याला शिक्षा करू शकत नाही. संध्याकाळी तो निघून जातो. रहिवाशाला मात्र त्याच गावात लग्न जमवायचे असते, उसनवार करायची असते, आजारपणात शेजाऱ्याची मदत घ्यायची असते. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यातील ‘लोक’ हे अनोळखी नसतात. ज्यांच्यावाचून चालत नाही असेच ते असतात. म्हणून कायद्याने समान असलेले स्वातंत्र्य व्यवहारात विषम किमतीला मिळते. पर्यटकाला ते फुकट मिळते, गावातील तरुणीला त्यासाठी आपली पत पणाला लावावी लागते.

या मांडणीची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. गावाच्या अपेक्षांना केवळ जाच म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. ज्या नात्यांतून नियंत्रण येते त्याच नात्यांतून आधारही येतो. हिरण्यकेशीसारख्या देवस्थानाच्या परिसरात पाहुण्याने तेथील श्रद्धेचा मान राखावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. फरक इतकाच की पाहुण्याकडून अपेक्षित असलेला शिष्टाचार हा काही तासांचा असतो, तर रहिवाशावर लादलेला नियम आयुष्यभराचा असतो. विनंती आणि सक्ती यांतील सीमारेषा येथे आखावी लागते.

महाविद्यालयापुढील कसोट्या

खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय ही घर व गाव यांच्याबाहेरील पहिली जागा असते. येथे वेशविषयक नियम करताना प्राध्यापकवर्गाने पुढील कसोट्या लावणे उचित ठरेल.

१) नियमामागील गरज सिद्ध करता येते काय? प्रयोगशाळेतील अॅप्रन, बंद पादत्राणे, क्रीडांगणावरील पोशाख यांची गरज उघड आहे. ‘शोभत नाही’ हे कारण मात्र गरजेत मोडत नाही.

२) नियम स्त्री-पुरुषांना व सर्व धर्म-जातींना समान लागू होतो काय? समान शब्दांत लिहिलेला नियमही एकाच गटावर भार टाकू शकतो, हे ध्यानात घ्यावे.

३) नियम मोडल्याची शिक्षा काय? वेशासाठी वर्गाबाहेर ठेवणे म्हणजे शिक्षणाच्या हक्कावर आघात करणे होय. ज्या मुलीला घरातून विशिष्ट वेशाच्या अटीवरच शिकण्याची परवानगी मिळाली आहे, तिला त्या वेशामुळे महाविद्यालयाने परत पाठवले तर तिचे शिक्षणच थांबते. सुधारणेचा हेतू असला तरी परिणाम उलट होतो.

४) नियम कोणी केला? ज्यांना तो पाळावयाचा आहे त्या विद्यार्थ्यांचा, विशेषतः विद्यार्थिनींचा, त्यात सहभाग होता काय?

५) नियम आर्थिकदृष्ट्या झेपणारा आहे काय? गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, हा त्याच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे. परंतु मुसळधार पावसाच्या प्रदेशात एकच गणवेश असलेल्या विद्यार्थ्याला तो रोज वाळवण्याचीही विवंचना असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की वेशभूषेतील संघर्ष हा परंपरा विरुद्ध आधुनिकता असा सरळ नाही. १७७९ मध्ये सोनारांना धोतर विशिष्ट पद्धतीने खोचू न देणारी व्यवस्था, १७३६ मध्ये चोळी काढावयास लावणारी धर्मसत्ता आणि आज जीन्स वा हिजाब यांवर बंदी घालणारी संस्था यांचे हेतू भिन्न असले तरी दुसऱ्याच्या अंगावरील वस्त्राचा निर्णय आपण घ्यावा, हे गृहीतक समान आहे. याउलट महाडच्या परिषदेतील स्त्रियांनी लांब लुगडे नेसून आणि आनंदीबाईंनी नेसण्याची पद्धत बदलून तो निर्णय स्वतःकडे घेतला.

समाजाला अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आहे. त्या अपेक्षा पटवून देण्याचाही आहे. परंतु अपेक्षा न पाळणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, उपजीविका किंवा सुरक्षितता हिरावून घेण्याचा अधिकार त्याला असू शकत नाही. घाटातून रोज ये-जा करणाऱ्या मुलीच्या वह्या पावसात भिजू नयेत, तिची एस.टी. वेळेवर यावी आणि तिने वर्गात निर्भयपणे प्रश्न विचारावा, याची काळजी तिच्या पेहरावाच्या काळजीहून मोठी आहे, हे शिक्षणसंस्थांनी मान्य केले तर या वादाची तीव्रता निश्चितच कमी होईल.